खिडकीपाशी संपणारी पावलं

एक खोली डोळ्यांसमोर आण. घाई करू नकोस, खोली मनात उभी राहायला जरा वेळ लागतो. थंडीतली सकाळ आहे. फरशी इतकी गार, की पाय टेकला की अंगावर काटा येतो. खोलीला एकच खिडकी. तिच्या काचेवर वाफ धरलीय आणि त्या वाफेत कुणीतरी तळहाताने पुसून एक गोल केलाय. कोपऱ्यात शेगडीवर पाणी उकळतंय आणि ते कुणी उतरवत नाही. आता खाली बघ. मोरीपासून निघालेली ओली पावलं खोलीभर चालत आलीत आणि खिडकीपाशी येऊन संपलीत. परत फिरलेली नाहीत. खोलीत माणूस दिसत नाही, आणि मी तो दाखवणारही नाही. तूच सांग, ती पावलं ज्या बाईची, ती गेली कुठे? लगेच उत्तर देऊ नकोस. कवितेत माणसं पुष्कळदा अशीच असतात, वस्तूंच्या आड उभी. आपण वस्तूकडे किती वेळ बघतो यावर ती बाहेर येतात की नाही ते ठरतं. मोठमोठ्या शिकलेल्या लोकांनी ही खोली बघितली आणि एकमुखाने सांगितलं, बाई मेली. त्यांना तरी बोल कसा लावायचा? ज्याने ही खोली कवितेत मांडली त्यानेच त्यांना तसं समजू दिलं. ही गोष्ट त्याची आहे.

तो चष्मेवाला होता. रस्त्याला लागून दुकान, दुकानाच्या मागे एक पडदा आणि पडद्यामागे घर. दुपारच्या वेळी दुकानात चिटपाखरू नसायचं. तेव्हा तो राहिलेली कामं उरकायचा. त्या दुपारी त्याने एक फ्रेम गरम वाळूत धरून नरम केली होती आणि तिच्यात अंगठ्याने हलके दाबत काच बसवत होता. हे काम नेमकं असतं. फ्रेम गार झाली की काच बसत नाही, आणि जोर केला की काचेची कड उडते. समोरच्या गोल स्टुलावर त्याची नात येऊन बसली. तिची आई, म्हणजे त्याची मुलगी, संध्याकाळपर्यंत कामावर असायची, म्हणून पोरगी शाळेतून थेट इथे यायची. एका जागी कधी ठरायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. आताही तिने दप्तर काउंटरवर टाकलं, स्टुलासकट स्वतःभोवती एक फेरी मारली आणि थांबता थांबता विचारलं, "आबा, आमच्या बाईंनी विचारलंय, ती कधी मेली?"

"कोण?"

"तुझ्या कवितेतली बाई. आज शिकवली. मी म्हटलं, हे कवी माझे आबा आहेत. कुणाचा विश्वासच बसेना. मग बाई म्हणाल्या, अगं, मग विचारून ये ना, त्या कधी गेल्या. आणि कवितेचं चित्रही काढून न्यायचंय."

काच फुटली नाही. फक्त अंगठ्याखाली बारीकसा कट असा आवाज झाला आणि कडेचा टवका उडाला. चष्मेवाल्याने ती फ्रेम खाली ठेवली. पडद्यामागे स्लिपरांचा फटक फटक आवाज ओट्यापासून फळीकडे चालला होता. तो मध्येच थांबला.

खरं तर हा प्रश्न काही नवा नव्हता. गेली कित्येक वर्षं लोक तो वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत आले होते. कुणी डोळे बारीक करून विचारी, कुणी खांद्यावर हात ठेवून. कवितेवर कुणीतरी लांबलचक लेखही लिहिला होता. त्यात खिडकी म्हणजे पलीकडचं जग, उकळणारं पाणी म्हणजे उरलेल्या माणसाचा शोक आणि वाळणारी पावलं म्हणजे आठवण, असं सगळं जिथल्या तिथे लावून दिलं होतं. तो वाचताना चष्मेवाल्याला एकाच वेळी गुदगुल्या झाल्या होत्या आणि मळमळलंही होतं. पण ते सगळे परके होते. ते विचारत आणि निघून जात. हा प्रश्न स्टुलावर बसून पाय हलवत होता, आणि पडद्यामागे जिला तो ऐकू गेला होता ती काहीच करत नव्हती. भांडं वाजत नव्हतं, नळ वाहत नव्हता. आपण आता काय बोलतो याकडे ती कान लावून आहे हे त्याला स्पष्ट कळलं. आता पुन्हा मूग गिळून बसलो, तर या घरात जे काही धुगधुगतंय तेही विझेल. आणि बोललो, तर काय बोलणार?

ती खोली खरी होती. लग्न झाल्यावर त्यांनी भाड्याने घेतलेली, तिसऱ्या मजल्यावरची. मोरी एका टोकाला, खिडकी दुसऱ्या टोकाला, मधली फरशी बर्फासारखी. ती आंघोळ करून निघायची ती ओल्या पायांनीच, कारण पायपुसणं ठेवायला मोरीपाशी जागाच नव्हती. एका श्वासात खोली ओलांडून ती खिडकीपाशी उभ्या असलेल्या त्याच्यापर्यंत यायची आणि गार लागू नये म्हणून सरळ त्याच्या पावलांवर पावलं ठेवून उभी राहायची. पाठ त्याच्याकडे, तोंड खिडकीकडे. तळहाताने काच पुसायची. तिचं सगळं वजन त्याच्या पायांवर यायचं. ते किती थोडं होतं याचं त्याला रोज नव्याने नवल वाटायचं. आणि तिचे केस त्याच्या हनुवटीखाली, ओले, साबणाचा वास येणारे. दोघं काही बोलत नसत. मागे शेगडीवर पाणी उकळत राही, झाकण थडथड वाजे आणि ती म्हणे, "पाणी." तो म्हणे, "असू दे." कधीकधी सगळं पाणी आटून भांडं करपायचं. त्या करपलेल्या वासालासुद्धा त्या दिवसांत सुख म्हणत असत. पुढे मुलगी झाली, दुकान झालं, तरी त्या खोलीत हिवाळ्यातल्या सकाळी हे व्हायचंच. ते ठरवून होत नव्हतं. त्याला काही नावही नव्हतं, आणि म्हणूनच बहुधा ते टिकलं होतं.

मग त्याने त्याची कविता केली. त्यात वाईट काहीच नव्हतं, असं तो अजूनही स्वतःला समजावतो. उलट त्याने किती जपलं होतं. तिचं नाव नाही, देह नाही, साधा 'ती' हा शब्दसुद्धा नाही. नुसती पावलं, वाफ, पाणी. फरशी आधी टाचेकडून वाळते आणि मग बोटांकडून, हे त्याने गुडघ्यावर बसून नीट पाहिलं होतं. जे सांगायचं ते सांगायचंच नाही. त्याच्याभोवतीची फरशी तेवढी ओली करून ठेवायची, मग वाचणाऱ्याला आपोआप कळतं की इथे दोन माणसं होती आणि त्यांना पाण्याची पर्वा नव्हती. बोटांपाशी कविता संपत होती. त्याने ती तिला वाचून दाखवली तेव्हा ती गोरीमोरी झाली आणि म्हणाली, "इश्श, हे काय लिहायचं असतं का?" पण तिने कागद मागून घेतला, पुन्हा वाचला आणि म्हणाली, "कळणार नाही म्हणा कुणाला." तिच्या आवाजात भीती होती आणि त्याहून जास्त लाड होता.

कळणार नाही, हे मासिकाच्या संपादकांनाही वाटलं. ते म्हणाले, सगळं छान आहे हो, पण शेवटी हाताला काही लागत नाही. थोडा चटका हवा. चष्मेवाल्याने तिथेच, त्यांच्या टेबलाशी उभ्याउभ्या, त्यांच्याच पेनने शेवटी एक ओळ जोडली. 'आता या घरात कुणी ओल्या पायांनी चालत नाही.' संपादकांनी चष्मा काढून डोळे पुसले. चष्मा काढून पुसलेले डोळे चष्मेवाल्याने खूप बघितले होते, पण आपल्यामुळे पुसलेले ते पहिलेच. त्याला फार बरं वाटलं. आपण काय केलंय हे त्याला कळलंच नाही असं मात्र नाही. घरी येताना तो जिना हळूहळू चढला. वर गेला तेव्हा ती मुलीला भरवत होती, गात होती, चांगली धडधाकट होती. तो म्हणाला, "कविता घेतली त्यांनी." ती ओळ सांगितली नाही.

ती ओळ तिला कळली सभेत. कवितेला बक्षीस मिळालं, मोठा हॉल होता, ठेवणीतले कपडे घालून ती पहिल्या रांगेत बसली होती. तो वाचत होता. टाचेकडून, मग बोटांकडून. तिथे ती किंचित हसली, तिला वाटलं संपलं, तिने टाळीसाठी हात उचलले. आणि मग त्याने ती ओळ वाचली. हॉलमध्ये कुणीतरी हुंदका दिला. तिचे हात तसेच वर राहिले, मग हळूच मांडीवर उतरले. हे सगळं त्याने कागदावरून नजर न काढता पाहिलं. माणसाला असं पाहता येतं. पण तरीही ते सगळं निस्तरता आलं असतं. खरं मरण त्याच्या नंतर आलं. सभा उठल्यावर अध्यक्ष जवळ आले, त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "कधी गेल्या हो?" ती त्याच्या मागेच उभी होती, त्याची पिशवी धरून. सांगायला हवं होतं, अहो, गेल्या कुठल्या, ही काय उभी आहे. सगळे हसले असते. कविता थोडी लहान झाली असती. खोलीतली गार फरशी, नवराबायको, करपलेलं भांडं, एवढीशी झाली असती. आणि समोर तर एवढा मोठा शोक तयार होता, सगळ्यांनी मिळून उचललेला. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "चालायचंच."

अध्यक्षांनी मग तिच्याकडे बघितलं. "आणि या?"

"या आमच्या घरच्याच," तो म्हणाला.

तिने नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीतून फटक फटक आवाज करत आली ती नवे रबरी स्लिपर घालून. खिडकीपाशी गेली नाही. शेगडीशी गेली, पाणी उतरवलं. ती रागावली असती तर त्याने पाय धरले असते. ती रागावली नाही. फक्त त्यानंतर जगात तिची ओळख बदलली. कवीची दुसरी बायको. लोक तिच्याशी जरा जपून, जरा कीव करून बोलत. तिनेही कधी कुणाची समजूत दुरुस्त केली नाही. एकदा मात्र, त्याचा चहा त्याच्यासमोर आपटून नव्हे, अगदी नीट ठेवून, ती म्हणाली होती, "बघा बाई, मी माझीच सवत झाले." आणि स्वतःच हसली होती. तो हसू शकला नव्हता. मग खोली सुटली, हे घर झालं, मुलीचं लग्न झालं. पण त्याने उगाच, एका संपादकाला चटका बसावा म्हणून लिहिलेली ती ओळ दर सकाळी घरात खरी होऊन हिंडायची. फटक, फटक. खोटं लिहिलं तर ते खोटंच राहतं असं त्याला वाटलं होतं. तेही खोटंच निघालं.

"आबा, ऐकतोयस का?" भिंगरी म्हणाली. "बाई म्हणाल्या, पाणी कुणी उतरवत नाही, म्हणजे उतरवणारी गेली. पण मला नाही पटत."

"का?"

"अरे, ती खिडकीतून पडली असती तर खिडकीच्या कट्ट्यावर पाऊल नको का ओलं? आणि आजारी पडून मेली असती तर आंघोळ करून एवढी धावत कशाला आली असती?"

"धावत आली हे तुला कोणी सांगितलं?"

"तूच लिहिलंयस ना. टाच आधी वाळते म्हणून. म्हणजे नीट उमटलेत ते चवडेच. चवडे कधी उमटतात? पळताना." ती स्टुलावरून उतरून चवड्यांवर दोन उड्या मारून परत बसली. "आणि फरशी गार असेल तर. म्हणजे तिला गार लागत होतं आणि ती कुठेतरी पळत चालली होती. मग गेली कुठे?"

चष्मेवाल्याला वाटलं, हे त्या लेख लिहिणाऱ्याला का सुचलं नाही. मग वाटलं, त्याला कसं सुचेल, त्याला आपण शेवटची ओळ दिली होती. ती ओळ म्हणजे काळी काच. ती लावली की मागचं सगळं सुतकी दिसतं, पळणारे चवडेसुद्धा. त्याच्या जिभेवर नेहमीची वाक्यं आली. बाळा, कवितेचे अर्थ पुष्कळ असतात. बाळा, ज्याला जो दिसेल तो खरा. ही वाक्यं त्याने इतक्या ठिकाणी वापरली होती की ती गुळगुळीत झाली होती. त्याने तोंड उघडलंसुद्धा. "हे बघ भिंगरे, कवितेत ना, तसं नक्की काही…"

पडद्यामागे पुन्हा आवाज सुरू झाला. फटक. एकच. पाठ फिरवून निघालेल्या माणसाचा. त्याला तो बरोबर ओळखू आला. ती आता आत जाईल, फळीवरचा डबा काढेल, पोरीला खायला देईल, आणि हे कायमचं मिटेल.

"ती मेली नाही," तो म्हणाला. त्याला वाटलं, आवाज काउंटरच्या पलीकडे गेलाच नाही. म्हणून त्याने पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं, "ती मेलीबिली काही नाही."

"मग पावलं का संपली?"

आता वेगळीच अडचण होती. मेली म्हणालो तेव्हा तिला मारलं. आता कुठे गेली ते सांगितलं, तर जे एवढंसं फक्त त्या दोघांचं राहिलं होतं तेही उद्या वर्गात, फळ्यासमोर. एकदा तिला न विचारता दिलं. पुन्हा न विचारताच द्यायचं?

"सांगा की." पडदा बाजूला झाला होता. ती दारात उभी होती, पदराला हात पुसत. "सगळ्या गावाला खोटं सांगताना जीभ अडली नाही. पोरीला खरं सांगताना कशाला अडतेय?"

"सांगू?" त्याने विचारलं. इतक्या वर्षांत या बाबतीत त्याने तिला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"मी काय म्हणतेय मग?"

"ती," त्याने भिंगरीकडे बघून सुरुवात केली आणि मग बायकोकडे बघून म्हणाला, "ही. ही माझ्या पायांवर उभी राहायची. फरशी गार असायची म्हणून."

भिंगरीने आधी त्याच्या पायांकडे बघितलं, मग आजीकडे. "एवढंच?"

"एवढंच."

"मग पाणी का नाही उतरवलं?"

आजीला हसू फुटलं. तिने ते ओठांत दाबलं, पण दबलं नाही. "तुझ्या आबांना विचार. मी रोज सांगायचे, पाणी. हे म्हणायचे, असू दे. किती भांडी घासलीत मी राख लावून."

"शी," भिंगरी म्हणाली, पण तिला ते आवडलं होतं. "मग बाईंना काय सांगू?"

"सांग, अजून मेली नाही म्हणावं. कोथिंबीर निवडतेय."

तिघांत तोच एक क्षण हलका होता. चष्मेवाल्याला वाटलं, आता बोलून टाकावं, पुन्हा धीर होईल न होईल. "ती शेवटची ओळ," तो म्हणाला, "ती मी खोटी घातली. तिथेच, उभ्याउभ्या. आणि अध्यक्षांनी विचारलं तेव्हा…"

"माहितीय मला. मी होते ना तिथे."

"चुकलं माझं. ती ओळ काढायला सांगतो मी. पुस्तकात आता काही करता येणार नाही, पण…"

"राहू दे," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याला तेच सोसेना. "खोटी कुठे राहिलीय ती आता?"

तो खाली बघत राहिला. टवका उडालेली काच काउंटरवर पडली होती. उद्या त्या गिऱ्हाइकाला काहीतरी सांगावं लागणार होतं. माफी मिळेल अशी त्याची अपेक्षा होती का? असावी. बोलून टाकलं की सुटलो, असं कुठेतरी वाटलं असावं. पण तिने त्याला सोडलंही नव्हतं आणि धरलंही नव्हतं. ती फक्त दारातून आत आली होती आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली होती. या दुकानात ती कधी बसत नसे.

भिंगरीने दप्तरातून चित्र काढलं. शाळेतच अर्धं केलेलं होतं. खोली, शेगडी, निळी पावलं, काचेवर पांढरा गोल. गोल तिने कोरा ठेवला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, खडूचं टोक दातांत धरून.

"आजी, तू काच पुसायचीस ना? त्यातून काय दिसायचं?"

चष्मेवाल्याने वर बघितलं. सांगायला तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की त्याला सांगता येत नाही. त्या खिडकीसमोर तो किती हिवाळे उभा होता. त्याला तिचे केस आठवत होते, वजन, साबण, झाकणाची थडथड. कवितेत त्याने काच घेतली होती, वाफ घेतली होती, तिच्या तळहाताने झालेला गोल घेतला होता. त्या गोलातून त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्याचे डोळे मिटलेले असायचे. आणि ती त्याच्यासाठी तिथे येते, हे त्याने इतकं गृहीत धरलं होतं की ती काच कशासाठी पुसते, हे त्याला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं.

"समोर एक गॅलरी होती," ती म्हणाली. ती भिंगरीशी बोलत होती. "तिथे एक म्हातारा रोज आपल्या म्हातारीची वेणी घालायचा. तिचे हात वर जात नसत बहुतेक. त्याला काही धड जमायची नाही. पेड सुटायचे, पुन्हा घालायचा. ती ओरडायची त्याच्यावर. काय ते ऐकू यायचं नाही, पण ओरडायची. आणि तो आपला घालतोय. झाली की तिला आरसा दाखवायचा, पुढून आणि मागून."

"रोज?"

"रोज. मी त्याच्यासाठीच धावत यायचे. उशीर झाला तर वेणी होऊन जायची."

"तू कधी बोलली नाहीस," चष्मेवाला म्हणाला.

"मला वाटायचं, तुम्हीही तेच बघताय."

बाहेरून कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. चष्मेवाला काउंटरला टेकून उभा होता. दाराचा उजेड त्याच्या पाठीवर पडून त्याची सावली बाकापर्यंत गेली होती.

"आबा, जरा सरक ना," भिंगरी म्हणाली. "उजेड अडतोय."

तो सरकला. भिंगरीने चित्र उचललं, बाकावर आजीला चिकटून बसली आणि कागद उलटा केला. शेगडी, पाणी, पावलं सगळी खाली गेली. मागची कोरी बाजू तिने हाताने साफ केली, काळा खडू निवडला आणि आजीला विचारून विचारून आधी म्हातारीचे केस काढायला घेतले, खूप लांब, कागदाच्या कडेपर्यंत.